दुसरा प्रश्न

आमच्या मॅडमची पर्स वाजायची. त्या व्हरांड्याच्या त्या टोकाला वळल्या की आवाज इकडे मुलांच्या वॉर्डात पोचायचा आणि स्टुलावर टेकलेल्या आम्ही ताडकन उभ्या राहायचो. पर्समध्ये चमचे असायचे. स्टीलचे, जर्मनचे, एखादा पितळेचा, कडेला चेपलेला. प्रत्येकाच्या दांड्याला चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने घातलेला आकडा. सगळं हॉस्पिटल त्यांना चमचेवाल्या मॅडम म्हणायचं, आणि ते त्यांच्या कानावर होतंच. "या इमारतीत चमचे पुष्कळ आहेत," त्या म्हणायच्या, "मी फक्त पर्समधले मोजते."

मी त्यांच्याकडे नर्सिंगच्या एम.एस्सी.ला होते. यवतमाळहून आले म्हणून त्यांनी माझं नावच यवतमाळ ठेवलं होतं. "काय यवतमाळ, डबा खाल्लास का?" पुण्यात माझी एवढी चौकशी दुसरं कुणी करत नव्हतं. त्यांच्या संशोधनाचा विषय ऐकायला अगदी साधा होता: मूल बरं होऊन घरी गेलं की त्याला औषध नेमकं किती मिळतं? चिठ्ठीवर अर्धा चमचा लिहिलेलं असतं, पण चमचा कुणाच्या घरातला, हे कुणी लिहीत नाही. मॅडम घरी जायच्या, रोज देता तसं पाण्यानं करून दाखवा म्हणायच्या आणि चमच्यातलं पाणी बिनसुईच्या सिरिंजमध्ये ओढून मोजायच्या. मग सिरिंज त्या घराला द्यायची आणि चमचा मागून घ्यायचा.

त्यांचा सगळ्यात जास्त राग होता तो आमच्या एका प्रश्नावर. मूल घरी सोडताना आम्ही सगळ्याच विचारायचो, "समजलं ना?" आणि आया म्हणायच्या, "हो." मॅडम म्हणायच्या, "अगं, ते 'हो' म्हणजे समजलं असं नव्हे. ते 'हो' म्हणजे बाहेर रिक्षा थांबलीय, आता आम्हाला सोडा." म्हणून त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असायचा. "मग किती द्याल? माझ्यासमोर मोजा बघू." या प्रश्नाला दहा मिनिटं लागायची, कधी पंधरा. आई लाजायची, चुकायची, पुन्हा मोजायची. मॅडम खाटेच्या कडेवर बसून राहायच्या. इतर सगळ्या बाबतींत उतावळी असलेली ही बाई तिथे मात्र हलायची नाही.

एकदा आम्ही कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या एका घरी गेलो. नातवाला औषध आजी द्यायच्या, आणि त्यांनी दाखवायला आणली ती देव्हाऱ्यातली पळी. "देवाच्या पळीनं दिलेलं बाधत नाही हो," आजी म्हणाल्या. "बाधत नाही ते खरंच, पण पुरतं का तेवढं बघू," मॅडम म्हणाल्या. पुरत नव्हतं. मूल निम्म्याच औषधावर होतं. आता देवाची पळी मागायची कशी? मॅडमनी ती वहीच्या पानावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली, नमस्कार केला आणि परत केली. नंतर आजींनी तीनदा बरोबर मोजून दाखवेपर्यंत आम्ही तिथून उठलो नाही. जिना उतरताना म्हणाल्या, "आपण कागद देतो बापाच्या हातात, समजावतो आईला, आणि औषध देते आजी. छान चाललंय आपलं."

त्यांचं मागणं एकच होतं. कुठलंही मूल घरी सोडण्याआधी, घरी जो औषध देणार त्याच्याकडून नर्सनं एकदा मोजून घ्यावं, आणि त्यासाठी तिला दहा मिनिटं मोकळी मिळावीत. हे मागायला त्या हॉस्पिटलच्या समितीपुढे गेल्या तेव्हा मी फायली धरून मागे उभी होते. अध्यक्ष हसून म्हणाले, "मॅडम, चमचे मोजायला संशोधन कशाला लागतं?" "नाही लागत, सर," मॅडम म्हणाल्या. "वेळ लागतो. तेवढाच मागायला आलेय." समिती म्हणाली, बघू. पुण्यात 'बघू'चा अर्थ काय, हे मी सांगायला नको. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि मॅडमना जाण्याआधी तेवढा एक नियम हवा होता.

पुढचं मी आजवर कुणाला धडपणे सांगितलेलं नाही. त्या दुपारी वॉर्डातून चार मुलं एकदम घरी निघाली होती आणि माझ्याकडे चौघांचे अभ्यासाचे फॉर्म होते. शेवटची होती झटके येणारी आरोही, दीड वर्षांची. तिची आई वनिता आमच्याच जिल्ह्यातली. नवरा मांजरीला एका नव्या सोसायटीत वॉचमन. माझी बोली ऐकून तिचा चेहरा उजळला, माझाही उजळला असणार. मी तिला औषध सांगितलं, समजलं ना म्हणून विचारलं. "समजलं ना ताई, देतो मी बराबर," ती म्हणाली. आपल्याकडची बाई, आपल्या भाषेत इतकं ठाम सांगतेय, तिला काय मोजून दाखवा म्हणायचं? मला तो तिचा अपमान वाटला. शिवाय जेवायची वेळ टळून गेली होती. मी तिच्या हातात सिरिंज ठेवली आणि 'आईने मोजून दाखवले' यापुढे बरोबरची खूण केली.

आठव्या दिवशी मॅडम आणि मी मांजरीला गेलो. वॉचमनच्या खोलीत आरोही झोपली होती. सिरिंज खिळ्याला पिशवीत जपून टांगलेली होती, सुई टोचायची वस्तू म्हणून. "आता लय शांत झोपते पोरगी," वनिता कौतुकानं म्हणाली. मॅडमनी मुलीच्या पापण्या वर करून पाहिल्या, मग चमचा मागितला. पोहे वाढायचा मोठा चमचा निघाला. आम्ही पाणी मोजत बसलो नाही. रिक्षा करून थेट हॉस्पिटल गाठलं. जादा औषधाच्या गुंगीतच दूध छातीत गेलं होतं. चौथ्या दिवशी आरोही गेली.

वनिता रडत नव्हती. व्हरांड्यात माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही इचारलं तवा मी हो म्हटलं होतं ना?" तिला तिचीच चूक वाटत होती. मॅडमनी तिचा हात धरला. "चूक तुझी नाही बाळा. आम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही." आम्ही, म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी मी तो फॉर्म अभ्यासातून काढून टाकायची परवानगी मागितली. "आपल्याकडे त्या पोरीचं तेवढंच उरलंय," मॅडम म्हणाल्या. "तेही फाडायचं?" त्यांनी माझी खूण खोडली, शेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'विचारले नाही', आणि सही केली. त्या दिवसापासून त्यांनी मला यवतमाळ म्हणणं सोडलं. सुनंदा म्हणू लागल्या. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा नियम झालेला नव्हता. त्यांचे चमचे एका डब्यात भरून माझ्याकडे आले. आता मी त्याच वॉर्डाची इनचार्ज आहे. गेल्या वर्षी अचानक नियम आला. म्हणजे छापील कागद आला: 'मातेकडून औषध मोजून घेतले. होय / नाही.' दहा मिनिटं काही आली नाहीत. चाळीस खाटांना आम्ही दोघीच.

तो कागद घेऊन मी कर्वेनगरला मॅडमच्या घरी गेले. मॅडम खूप वाळल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. "आलं का गं शेवटी," म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड लहान मुलीसारखं झालं. मग मान वर करून विचारलं, "घेता ना सगळ्यांकडून?"

"हो," मी म्हटलं.

त्या बघत राहिल्या. मी वाट पाहत होते. विचारा मॅडम, म्हणत होते मनात, आज किती जणींकडून घेतलंस विचारा. उभ्या आयुष्यात या बाईनं कुणाचं पहिलं 'हो' खरं मानलं नव्हतं. माझं मानलं, की आता विचारायचं त्राण उरलं नव्हतं, मला माहीत नाही. "बरं," म्हणाल्या आणि कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "चहा घेशील ना, यवतमाळ?"

दोन महिन्यांनी त्या गेल्या.

काल दुपारी एक आई निघाली होती, काखेत मूल, दातांत पिशवीचा बंद. मी विचारलं, "समजलं ना?" "हो, सिस्टर." मी 'होय'वर खूण केली. ती दारापर्यंत जाईतो मी तिच्याकडे बघत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी पुढची फाईल ओढली.