धुऱ्यावरचे बूट

परवा रविवारी सकाळी, सेलूच्या माझ्या घरात, माझ्याच खुर्चीतून मला एका घड्याळाने उठवलं... पेपरचं पहिलं पान संपायच्या आत मनगट थरथरलं आणि पडद्यावर हुकूम उमटला, 'उठा, जरा चाला.' अर्धं आयुष्य शाळेत संस्कृत शिकवण्यात गेलं, आज्ञार्थ मी दुसऱ्यांकडून घोकून घेतला. आता एक रबरी पट्टा माझ्याशी आज्ञार्थात बोलतो, याचा मी जाहीर निषेध करतो.

घड्याळ लेकीचं, जुनं. शर्वरी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि उरलेल्या वेळात धावते. नावाचा अर्थ रात्र, पण बाईसाहेब उठतात पहाटे! सुट्ट्या घेते त्याही हाफ मॅरेथॉनचं कॅलेंडर बघून... जयपूर, कोची, लडाख. त्यातून उरलेल्या आईबापाच्या. यंदा दिवाळी झाल्यावर घरी आली, तर इथेही 'लाँग रन' होताच.

रविवारी उजाडताच ती हिंगणीच्या रस्त्याने निघाली. जाताना आईच्या मोबाईलवर लाइव्ह लोकेशन सुरू करून गेली. निळा ठिपका सरकत होता आणि आमची ही पोहे भिजवता भिजवता त्यावर नजर ठेवून होती.

मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, हा ठिपका हालून काऊन नाई राह्यला?"

दम खात असेल, म्हटलं. "दम खायले इतका वेळ लागते का?"

फोन लावला. पूर्ण रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा... ठिपका हिंगणीच्या अलीकडे, शेतांच्या मधोमध थांबलेला. तिथून बोरचं जंगल फार लांब नाही. आदल्याच आठवड्यात कॉलनीच्या ग्रुपवर त्या बाजूला वाघ दिसल्याचा मेसेज फिरत होता. त्याखाली मी 'अतिशयोक्ती अलंकार' असं लिहून भरपूर हसरे चेहरे मिळवले होते.

स्कूटर काढली. हेल्मेट राहिलं. पायात हिच्या चपला आहेत, हे फार नंतर कळलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. एरवी मी त्याला एखादी उपमा शोधली असती... त्या दिवशी मी फक्त रस्त्याच्या कडा बघत होतो. एका वळणावर कडेला कोणी पडलंय असं वाटलं म्हणून ब्रेक मारला, तर ते फवारणीचं रिकामं पिंप. खरं सांगायचं तर वाघ मनात होता, पण एकटा नव्हता. भरधाव ट्रक होते. माणसंही होती.

ठिपक्याच्या जागी पोचलो. रस्त्यावर कोणी नाही. तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तिच्या फोनची रिंगटोन ऐकू आली... घरून ही सारखा फोन लावत होती. गवतात तिचे ते भडक नारिंगी बूट होते. शेजारी शेजारी, नीट ठेवलेले. एका बुटात फोन वाजत होता.

शर्वरी कुठे नव्हती.

मी हाक मारली ती मलाच ऐकू आली नाही. कपाशीत शिरलो, आणि समोर एक साठीची बाई उभी राहिली. हातात विळा.

"थांबा जी तिथंच! कोण तुमी?"

"माझी मुलगी..."

"कोणती पोरगी? नाव सांगा तिचं."

जन्मभर मी तोंडी परीक्षा घेतल्या, त्या दिवशी दिली. "शर्वरी," कसंबसं म्हटलं.

त्या बाईच्या मागून, कपाशीतून, शर्वरी उठली. अनवाणी, कपाळाला कुंकू, हातात दहीभाताचा द्रोण. "मावशी, अहो बाबा आहेत ते माझे!"

विळा खाली आला, पण पूर्ण नाही. "बाप होय? मंग पोरीले सकायी सकायी एवढं पयवता काऊन जी?"

त्या दिवशी त्यांच्या वावरात सीतादही होतं. पहिल्या वेचणीच्या दिवशी कपाशीत पूजा मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच वेचायला लागायचं. मावशी आणि त्यांची जाऊ तयारी करत होत्या, तेवढ्यात रस्त्यावरून शर्वरी आली.

"एकलीच पयत येऊन राह्यली होती बापा! म्हटलं, मागं कोणी लागलं असन. नाई तं सासरहून पयाली असन," मावशी सांगू लागल्या. दोघींनी तिला दंडाला धरून रस्त्यावरून उचललं आणि कपाशीत नेऊन बसवलं. जाऊबाई विळा घेऊन कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. शर्वरी सांगत होती, मी व्यायाम करतेय.

"व्यायामाले वावरात काम नाई का?" जाऊबाईंचं हे म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं.

शेवटी त्यांना पटलं. पण आलीच आहे तर पूजेला बस, आणि पूजेत पायताण चालत नाही. खिसा नसलेल्या कपड्यांत मोबाईल ठेवायचा कुठे? म्हणून बुटात. वाजलेला ऐकू येत होता, पण पूजेतून मधेच उठू देईनात.

मग मलाही बसवलं. दहीभात हातात धरून मी शर्वरीकडेच बघत होतो, ते मावशींनी पाहिलं. "खा जी, पोरगी हाय तुमची, बसली हाय समोर," एवढंच म्हणाल्या.

काल शर्वरी पुण्याला गेली. स्टेशनवर सांगत होती, तिथे ती रोज अंधारातच धावते. कोणी वळूनसुद्धा बघत नाही, तेच तिला आवडतं म्हणे. मी बरं म्हटलं.

मला भीती वाटते. तिच्या मागून खरंच कोणी येत असेल, तर तिथे तिला दंडाला धरून आत घेणारं कोण आहे? तिच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, हेसुद्धा मला माहीत नाही.