अर्धी राहिलेली पात

जिल्हा फुटला, गोंदियाला वेगळा कलेक्टर बसला, त्या दिवसांत आमच्या तळ्याखालच्या धानाच्या बांध्यांची कलेक्टर मीच होते. म्हणजे रोवणीचं काम ठेक्यानं, गुत्त्यानं घेणाऱ्या वीस बायांची पुढारीण. चाळिशीची, तोंडात खर्रा, डोक्यात हवा. नियम माझाच: धान रोवत मागे मागे सरकायची प्रत्येकीची एक पात, म्हणजे वाट्याचा पट्टा; जिची उरेल, तिनं एकटीनं पुरी करून घरी यायचं. माझी पात मात्र मी दोन जावांच्या मधात धरायचे. दोन्हीकडून त्याच बिचाऱ्या चार-चार रोपं लावून द्यायच्या. शिस्त शिकवावी तर अशी!

त्या दिवशी शेजारच्या घरची विशीची पोर मागे राहिली.

"मावशी, आंगात कणकण आहे वो. उद्या सकाळीच येऊन करीन ना."

"उद्या दुसरी बांधी आहे. कलेक्टरचा हुकूम आहे!"

बाया हसल्या. मीच जास्त हसले. निघताना बांधीच्या मालकाचा पुतण्या काठच्या धुऱ्यावर उभा दिसला होता. मी त्याला पाहिलं आणि पुढे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी पोर कामावर आली नाही. तिची पात अर्धीच होती. मी तिच्या नावानं बडबडत ती पुरी केली. तिच्यावर काय गुजरलं ते संध्याकाळी कळलं. ती कोणाचं न ऐकता ठाण्यात गेली होती.

जमादार तिच्या अंगणात आला. आम्ही साऱ्या गोळा झालो.

"पण एकटी काहून थांबली हे?" त्यानं विचारलं.

"हिची साडी पाहाची होती साहेब, गुडघ्यावर खोचली होती," माझी मोठी जाऊ म्हणाली.

चिखलात उतरून कोणती बाई साडी घोट्यापर्यंत सोडते? त्या दिवशी सगळ्यांत वर माझीच होती. पाय गोरे म्हणून जरा जास्तच. तरी मी मान डोलावली.

पोर माझ्याकडेच पाहत होती. तिला एवढंच हवं होतं की मी म्हणावं, हिला मी थांबवलं. पण त्याच मालकाचा आठ दिवसांचा गुत्ता बाकी होता. आणि माझी पुढारकी!

"आम्ही त हाक मारली होती साहेब," मी म्हणाले. "ते आपल्या मनानं थांबली."

जमादारानं ते वाक्य नीट लिहून घेतलं.

पुढे काही झालं नाही. पोरीला बालाघाटकडच्या बिजवराला दिलं. पुतण्या अजून चौकात भेटला की आधी मलाच रामराम करतो. मीही करते.

गेल्या साली तिची आई वारली, तेव्हा ती आली. खरं सांगून टाकायचं ठरवून मी गेले. म्हशीसमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. म्हैस निमूट ऐकून घेते. पोरीचे केस माझ्याइतकेच पिकलेले. तिनं चहा दिला, समोर बसली.

"मावशी, माही पात मंग कोणं पुरी केली?"

इतक्या वर्षांचं वाक्य ओठांवर होतं.

"मीच," मी म्हणाले.

तेवढंच. ती "बरं" म्हणाली आणि माझी कपबशी उचलून आत गेली.