यशोदाबाईचा प्रश्न आणि माझं उत्तर

यशोदाबाईला विधानसभेत खोटं पाडलं, ते मी.

लोक म्हणतात मंत्र्यांनी. नाही. मंत्र्यांनी फक्त वाचलं. लिहिलं मी होतं.

आज सकाळी यशोदाबाई गेली.

तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी इथे कोरपन्यात ऑफिसला निघालो होतो. इथून सिंदेवाहीकडचं तिचं गाव म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. दोन गाड्या बदलून पोचलो तोवर माती होऊन गेली होती.

म्हणून जे तिच्या तोंडावर बोलायचं राहिलं, ते इथे लिहितोय. वाचून शिव्या घालायच्या तर घाला.

तेव्हा मी तिच्या तालुक्यातल्या एका ऑफिसात बाबू होतो.

तिच्या गावापासून बसफाट्यापर्यंतचा रस्ता जंगलातला. त्यावर नऊ सोलर दिवे लावले होते, ते वर्षभरात बंद पडले. बाया धानाच्या रोवणीहून त्याच रस्त्यानं परत यायच्या. आणि वाघ दिसला ही तर आपल्याकडे आता बातमीसुद्धा राहिलेली नाही.

यशोदाबाई सरपंच नव्हती, मेंबर नव्हती. मजुरीला जायची. पण अर्ज लिहून घेतला आणि ब्रह्मपुरीला जाऊन आमदारांच्या हातात दिला तो तिनंच.

आमदारांनी खरंच प्रश्न लावला. तारांकित. म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

"सदर गावातील सौर दिवे बंद आहेत, हे खरे आहे काय?"

आता हे उत्तर कसं तयार होतं ते सांगतो. प्रश्न मुंबईहून जिल्ह्याला येतो, जिल्ह्याहून तालुक्याला, आणि तालुक्यात माझ्या टेबलावर. अकरा वाजता आला. चारपर्यंत माहिती पाठवा म्हणे. गाडी नाही, साहेब मीटिंगमध्ये. मी इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, अरे, मागच्याच महिन्यात पाहून आलो ना. खांब सरळ, पॅनल जागेवर, फोटो पाठवतो.

फोटो आले. भर दुपारचे.

मला ते खटकलं नाही. खरंच सांगतो, दिवे दुपारी तपासलेत हे माझ्यापासून मुंबईपर्यंत कुणालाच खटकलं नाही.

मी टाइप केलं, "हे खरे नाही. सर्व दिवे सुस्थितीत आहेत." पुढचा प्रश्न होता, मग काय कारवाई केली? त्यापुढे लिहिलं, "प्रश्न उद्भवत नाही."

वरच्यांनी एक स्वल्पविराम बदलला. काही दिवसांनी मंत्री तेच वाक्य बोलताना मोबाईलवर पाहिले आणि, लाज वाटते सांगायला, मी बायकोला बोलावून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात यशोदाबाई ऑफिसात हजर. हातात आमदारांच्या पीएनं दिलेला उत्तराचा कागद. नातीनं वाचून दाखवला होता.

तिनं विचारलं, मंत्री आमच्या गावाले कधी आले होते? मी म्हटलं, बाई, ते येत नसतात, त्यांना माहिती जाते. कोनाकडून? मी म्हटलं, वरून.

साफ खोटं. माहिती खालून जाते. माझ्याकडून गेली होती.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"बाबू, दिव्याचं जाऊ द्या. गावातले लोक मले म्हणून राह्यले, बाई, तू आमदाराले खोटं सांगतलं. आता मी काई बोलली तं कोन आयकन?"

दारातून वळून म्हणाली, "पुढच्या खेपेले दिवसा नोका येऊ. दिवसा आमालेबी दिसते."

पुढच्या अधिवेशनात आमदारांनी तोच प्रश्न पुन्हा लावला. पुन्हा माझंच टेबल, पुन्हा चार वाजेपर्यंत.

मी साहेबांना म्हटलं, उद्या देतो. ते भडकले. जुनंच उत्तर चिकटव म्हणाले. मी मोटारसायकल काढली आणि गेलो.

संध्याकाळी आम्ही दोघं पहिल्या खांबाखाली बसलो. तिनं घरून कोरा चहा आणला होता. अंधारून आलं. एकही दिवा लागला नाही. मी वहीत लिहायला घेतलं, नऊच्या नऊ बंद.

तिनं माझा हात धरला.

"थांबा. वळणावरचा एक लागते. उशिरा लागते. तेबी लिवा. नाई तं मी खोटी पडीन."

थांबलो. थोड्या वेळानं वळणावरचा लागला.

मी एका फोनवर हिला खोटं ठरवून मोकळा झालो होतो. आणि ही बाई एका दिव्याचंही खोटं अंगावर घ्यायला तयार नव्हती. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं की पहिलं उत्तर माझं. अगदी ओठांवर आलं होतं. चहा पिऊन उठलो.

या वेळी लिहिलं, "हे अंशतः खरे आहे. नऊपैकी आठ दिवे बंद आहेत." मंत्र्यांनी तेही तसंच वाचलं. मला नोटीस मिळाली. दिवाळीआधी नव्या बॅटऱ्या आल्या, आणि मग माझी बदली.

आज सुनेनं रेशनकार्डाची पिशवी काढून दाखवली. त्यात दोन्ही उत्तरं जपून ठेवलेली. दुसरं तिनं बुद्धविहारासमोर सगळ्यांना बसवून नातीकडून मोठ्यानं वाचून घेतलं होतं म्हणे.

मी विचारलं, आणि हे पहिलं कशाला ठेवलं?

सून म्हणाली, "पयल्यापासूनच, कोनी त्याच्यावरून बोललं तं आमची बुढी म्हणे, त्या बाबूले दोष नोका देऊ. त्याले दिवे दिवसाच दाखवले होते."

म्हणजे तिला माहीत होतं. त्या संध्याकाळी माझ्या शेजारी बसून चहा ओतून देताना माहीत होतं.

नोकरीत ढीगभर उत्तरं लिहिली. हे एक कुणी मागितलेलं नाही.

यशोदाबाई खोटं बोलली, हे खरे आहे काय?

हे खरे नाही. खोटं मी लिहिलं होतं.

यशोदाबाई, माफ करा. शेवटचा जय भीम.