माशांच्या हौदावरचा फेस

गाडी चालवायला शिकवणाऱ्या या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शेजारच्या सीटवरून त्या इतक्या ठणकावून "ब्रेक!" म्हणायच्या की रस्त्यावरचे सायकलवालेही थांबायचे. घरीही तोच खाक्या. एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही, असं त्यांना सहसा वाटतच नसे.

त्यांच्या परसात नारिंगी माशांचा छोटा हौद होता आणि पेरूची एक फांदी त्यावर झुकलेली होती. एका संध्याकाळी तिथून टक्, टक्, टक् असा आवाज सुरू झाला. नवरा घरीच घड्याळं दुरुस्त करायचा. तो बाहेर येऊन म्हणाला, "आपलं कुठलं घड्याळ आहे का गं हे?"

हौदाच्या काठावर कॉफीच्या रंगाचा बेडूक बसला होता. सकाळी पाहिलं तर पांढुरका. "दोन आहेत," ब्रेकबाईंनी जाहीर केलं. दुपारी पिवळसर दिसला तेव्हा म्हणाल्या, "हा तिसरा."

शेजारचा इलेक्ट्रिशियन कुंपणावरून डोकावला. "विषारी असतात हे. मासे फस्त करतील. पोत्यात घालून लांब सोडून या."

"आधी कोण आहे ते कळू दे, मग बघू," ब्रेकबाई म्हणाल्या. त्यांच्या नणंदेला मात्र धीर नव्हता. "वहिनी, तो घरात शिरला तर मी लेकाकडे निघून जाईन हं!"

दोन दिवसांनी फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लोंबत होता.

"अहो, मशिनचं साबणाचं पाणी इकडे सोडलंत?"

"अगं, मशीन कालपासून लावलेलंच नाही!"

"मग हा फेस काय आभाळातून पडला?"

नवऱ्याने बरीच बोलणी खाल्ली. शेवटी चिडून तो डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आला, स्टुलावर चढला आणि फेसात डोकावला. "अगं, यात बारीक दाणे आहेत. अंडी आहेत ही."

तेवढ्यात न्हाणीघरातून नणंदेची किंकाळी आली. बेडूक आरशाला उभाच्या उभा चिकटला होता. ब्रेकबाईंनी त्याच्यावर काचेची बरणी ठेवली, खालून पुठ्ठा सरकवला आणि बरणी उन्हाच्या कवडशाजवळ नेली. प्रत्येक बोटाच्या टोकाला गोल चकती होती. बघता बघता कॉफीचा रंग उतरला आणि बेडूक पांढुरका झाला.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "तिघं नाहीत. हाच रंग बदलतोय."

बेडूक परसात सोडून त्यांनी प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापिकेला फोन लावला. ती त्यांच्याकडेच गाडी शिकली होती.

"बेडूक एकच आहे. बोटांना चकत्या, आरशावर चढतो, रंग बदलतो, पाण्यावर फेसात अंडी. झाडबेडूक. बरोबर?"

"बरोबर! तुम्हीच सगळं सांगितलंत, मी काय सांगू?"

"तुम्ही फक्त शिक्का मारा. विषारी आहे?"

"छे. उलट पिल्लं पाण्यात पडली की तुमचे मासेच त्यांना गट्टम करतील. आणि एकच बेडूक कसा असेल? अंडी आहेत म्हणजे दोन तरी आहेतच."

"म्हणजे दोन म्हणाले होते ते बरोबरच होतं!" ब्रेकबाईंनी फोन ठेवला आणि कपड्यांचा टब पाण्याने भरून फांदीखाली हौदावर आडव्या टाकलेल्या फळीवर ठेवला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला उगीच बोलले."

"जाऊ दे," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा फुलला होता.

आठवड्याच्या आत फेस ओघळला आणि इवली काळी पिल्लं टपाटप टबात पडली. ब्रेकबाईंनी टबावर जाळी टाकली. नणंद लांबूनच पिल्लांसाठी उकडलेला पालक पाठवू लागली. काही पिल्लं दगावली, बाकीच्यांना पुढच्या काही आठवड्यांत पाय फुटले, शेपट्या आखडल्या. इलेक्ट्रिशियन रोज चौकशी करून जाऊ लागला.

एका सकाळी नखाएवढा बेडूक टबाच्या कडेवर चढून बसला होता. ब्रेकबाईंनी जाळी बाजूला केली. त्याने फांदीवर उडी घेतली आणि तो पानाआड दिसेनासा होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. पहिल्या विद्यार्थ्याला त्या दिवशी वाट पाहावी लागली.