पडद्याला वन्समोअर

जळकोटच्या समाजमंदिरात आम्ही चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी एका दुपारी जुन्या संगीत नाटकाचं रेकॉर्डिंग पडद्यावर लावलं होतं. राजा-राणीची ही रडगाणी आपल्या काय कामाची, हे लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायला मी अभिप्रायाचे कागद छापून नेले होते.

नायिकेचं पद संपलं आणि मांडीवर ठेका धरून बसलेली एक आजी मागून ओरडली, "वन्समोअर!"

पोरं फिदीफिदी हसली. "आजे, रेकॉर्डिंग हाय ते. तिला कुठं ऐकू जातंय?"

"तिला न्हाय जात. मशीनवाल्याला तर जातंय?"

मशीनवाला मीच होतो. चिडूनच विचारलं, "एवढं काय आवडलं, आजी?"

"आमच्या वस्तीला नाटकाच्या कनातीत घेत नव्हते, लेकरा. हे पद म्या ल्हानपणी भायेर धुळीत बसून आयकलं. गाणारीन आज दिसली. पर डोळंच भरून आलं, धड बघता आली न्हाय."

तिला बाहेर बसवणाऱ्यांवरचा माझा राग आजही तसाच आहे. पण मी कागद खिशात कोंबले आणि पद मागं नेलं. आजीनं डोळे पुसले, उठली, आणि सगळ्यांना ओलांडत पहिल्या रांगेत येऊन बसली.