पलीकडच्या वाळूवरची हाळी

पूर्णा नदीच्या उत्तर काठावरून आमच्या घरासाठी आलेली एक हाळी मी ऐकली होती, आणि ऐकली नाही असे सांगितले होते. त्या एका खोट्यामुळे माझ्या पत्नीचा भाऊ तिला माहेरी न्यायला येईनासा झाला. तो का येत नाही हे मला ठाऊक होते, तिला नव्हते. मी तिला ते पुष्कळ वर्षे कळू दिले नाही. पुढे लिहितो आहे ते त्या काठाविषयी आहे. पण तो काठ मी कोणत्या डोळ्यांनी पाहत आलो, हे आधी सांगितल्याशिवाय पुढचे काही खरे वाटणार नाही.

मी शिक्षक आहे. माझी शाळा दक्षिण काठावरच्या गावात, आणि पत्नीचे माहेर बरोबर समोर, पलीकडे. आमच्या बाजूला काळ्या मातीचा उभा कडा आहे, त्यावर बाभळी. पलीकडे मात्र नदी दरवर्षी वाळू टाकते. रुंद, फिकट, कुठे कुठे शिंपल्यांनी चमकणारी. आम्ही तिला नुसते 'पलीकडची वाळू' म्हणतो. पावसाळ्यात ती नसतेच. आश्विनात पाणी ओसरू लागले की एखादे जनावर पाठ वर काढते तशी ती पाण्याबाहेर येते, पण मागच्या वर्षी होती तिथेच येईल असे नाही. म्हणून माझा मेहुणा दर आश्विनात तिथे येऊन, कमरेवर हात ठेवून, यंदा वाळू कुठे बसली ते पाहत उभा राही. त्याच्या घरची टरबुजांची आणि काकड्यांची वाडी त्याच वाळूत होते.

पौषात पाणी गुडघ्याएवढे उतरे आणि आम्ही दोघे चालत पलीकडे जात असू. सातपुड्याची निळी रेघ समोर असायची आणि वारा तिथूनच यायचा. ओल्या पायांनी त्या वाळूवर उभे राहिले की थंडी तळव्यांतून हाडात शिरे. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याबद्दल सगळेच बोलतात. त्या वाळूवरच्या पौषातल्या सकाळीबद्दल कोणी बोलत नाही. पत्नीच्या माहेरची माणसे तोवर वाळूत चर खणून, त्यांत शेणखत घालून, बिया लावून मोकळी झालेली असत. मग कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, आणि भरीत-भाकरी खात सगळ्यांनी जाळाभोवती दाटीने बसायचे. चैत्रात तीच वाळू दुपारी पाय ठेवू देत नसे. पण वीतभर उकरले की खाली ओल लागे. टरबुजे त्या ओलीत पुरून गार करीत.

अशाच एका चैत्रातल्या संध्याकाळी मी वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला मीठ मागितले. कोणाला ऐकू गेले नाही. पुन्हा मागितले. तेव्हा मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुमी वर्गात शिकवता, का पोराईच्या कानात सांगता?"

सगळे हसले. तो काही दुष्टपणाने बोलला नव्हता. माझा आवाज खरोखरच लहान आहे. पण माझी पत्नीही हसली, आणि ते मला लागले. मी हसल्यासारखे केले आणि टरबुजाची फोड घेतली.

त्याच वर्षीच्या दिवाळीची ही गोष्ट. मराठी मुलखाचे नवे राज्य होऊन एकदोन वर्षे झाली असतील. आमच्याकडे सासुरवाशिणीला दिवाळीला न्यायला भाऊ येतो. त्याला मुराळी म्हणतात. आम्हां दोघांना मूलबाळ नाही, त्यामुळे मुराळी येणे हा माझ्या पत्नीच्या वर्षातला सर्वांत मोठा दिवस असे. पण दिवाळीच्या सुमारास नदी पायी उतरण्याजोगी नसते, आणि नाव आहे ती वरच्या अंगाला, दूरच्या गावी. म्हणून दोन्ही काठांच्या गावांत एक रीत होती. पलीकडे येऊन हाळी द्यायची. ज्याला ऐकू येईल त्याने, मग तो कोणत्याही घरचा असो, डोक्यावरचे वस्त्र काढून वर धरायचे: ऐकले, पुढे बोला. निरोप पुरा झाला की ओ द्यायची आणि तो निरोप त्या घरी पोचवायचा. ओ मिळेपर्यंत हाळी देणाऱ्याने काठ सोडायचा नाही. आणि दिवस मावळला तरी ओ मिळाली नाही, तर तो त्या घराचा नकार समजायचा. त्या घरासाठी पुन्हा हाळी द्यायची नाही. यात मानापमान फार होता, आणि तो सगळे पाळीत.

त्या दिवशी गाव बाजाराला गेले होते. शाळेला सुटी होती, आणि मी एकटाच बाभळींत, पलीकडून दिसणार नाही असा उभा होतो. पलीकडे मेहुणा वाळूवर आला. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"भाऊजीच्या घरचा निरोप हाये हो. उद्या सकाळी नावेपाशी गाडी घेऊन येतो. ताईले तिथं आनून पोचवा."

त्याचा आवाज मोठा आणि स्वच्छ होता. पाण्यावरून तो एकेका अक्षरानिशी माझ्यापर्यंत आला. माझा हात टोपीकडे गेला, आणि थांबला.

तो का थांबला याची उत्तरे मी स्वतःला निरनिराळ्या वर्षी निरनिराळी दिली. त्या वर्षी आम्ही आईवडिलांपासून वेगळे राहू लागलो होतो. नव्या घरातल्या पहिल्या दिवाळीला तिने माझ्या दारात पणती लावावी, असे मला वाटत होते. हे उत्तर मला आवडे, कारण त्यात प्रेम होते. पण खरे कारण ते मीठ होते. त्याने मोठ्या आवाजात बोलवावे आणि मी नुसते उभे राहावे, यात मला त्या क्षणी एक समाधान वाटले. इतके क्षुद्र समाधान मला पुन्हा कधी वाटले नाही.

मी घरी आलो. पत्नीचे लुगड्यांचे गाठोडे खुंटीखाली बांधून ठेवलेले होते.

"नदीकून काही हाळी आली का हो?" तिने विचारले.

"नाही," मी म्हणालो.

दिवस मावळताना मी पुन्हा बाभळींत गेलो. तो अजून तिथेच होता. गुडघे पोटाशी घेऊन वाळूवर बसला होता, आणि गार वारा सुटल्यामुळे डोक्याचा फेटा सोडून त्याने खांद्यांभोवती गुंडाळला होता. थोड्या वेळाने तो उठला, धोतर झटकले आणि मागे न पाहता गेला. तेव्हाही ओ देता आली असती.

त्या वर्षी भाऊबीजेला माझ्या पत्नीने अंगणात उभे राहून चंद्राला ओवाळले. ज्यांना भाऊ नाही त्या बाया तसे करतात. मी शेजारी उभा होतो. तबकातला दिवा वाऱ्याने विझू नये म्हणून मी हाताचा आडोसा धरला, एवढेच मी केले. पुढच्या वर्षी पुन्हा चंद्र, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

आम्ही पलीकडे जाणे सोडले नाही. पौष आला की पाण्यातून जायचे, चैत्रात टरबुजे खायची. पण पत्नी आता पाहुणी म्हणून जाई. आणली गेलेली लेक म्हणून नाही. बहीणभाऊ एकाच जाळाशी बसत आणि वांगी परतण्यापुरते बोलत. तिला वाटे, भाऊ आपल्याला विसरला. त्याला वाटे, आपल्याला हाकलले. दोघेही एका रक्ताचे मानी. विचारायचे कोणीच नाही. एकदा मात्र तिच्याने राहवले नाही. जाळात काडी सरकवत, कोणाकडे न पाहता ती म्हणाली, "आमच्या घरची वाट काही लोकाईले सापडतच नाई वाटते."

"वाट सापडते," तो म्हणाला. "ओ सापडत नाई."

तिने ते नुसते टोमण्याला टोमणा समजून सोडून दिले. मला त्याचा अर्थ कळला, आणि मी घाईने यंदा काकडीवर कीड कशी आहे ते विचारले. पहिली चूक रागातून झाली होती. ही दुसरी मी थंड डोक्याने केली. त्या सकाळी ती वाळू मला नेहमीपेक्षा गार लागली, असे लिहिण्याचा मोह होतो. पण वाळू तेवढीच गार होती. मी चप्पल घालून जाळापासून दूर जाऊन बसलो.

आता नदीवर पूल होतो आहे. त्याचे खांब पाण्याबाहेर आले आहेत आणि येत्या वर्षात त्यावरून मोटारी जातील असे म्हणतात. गेल्या चैत्रात पलीकडून परत येताना पत्नी त्या खांबांकडे पाहत म्हणाली, "बरं झालं. पूल झाला का मी आपली मोटारीनं जाईन. मुराळ्याची वाट पाहाची गरजच नाई."

ती शांतपणे बोलली. मला मात्र असे वाटले की पूल झाला की या काठावरून कोणी हाळी देणार नाही, कोणी ओ देणार नाही, आणि माझी न दिलेली ओ कायमची माझ्यापाशी राहील.

यंदाच्या आश्विनात पाणी ओसरू लागले तेव्हा मी तिला म्हणालो, "नदीवर चल." आम्ही बाभळींत उभे राहिलो. पलीकडे मेहुणा आलेला होताच. कमरेवर हात ठेवून नवी वाळू पाहत होता. त्याचे केस पांढरे झाले आहेत. मी तिला सगळे सांगितले, माझ्या नेहमीच्या आवाजात. मिठाचेही सांगितले.

तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मग तिने एवढेच विचारले, "कवापर्यंत बसला व्हता तो?"

"दिवस मावळेपर्यंत."

"अंगावर काही व्हतं?"

"फेटा गुंडाळला होता."

तिने मान हलवली. नंतर म्हणाली, "मले सांगून काय व्हते? त्याले सांगा."

"पौषात पाणी उतरले की जाऊन सांगतो."

"नाई. त्यानं काठावरून हाळी देल्ली. तुमी काठावरूनच ओ द्या."

मी तोंडाशी हात धरले. आवाज निघाला तो पाण्याच्या मध्यापर्यंतही गेला नसेल. मेहुण्याने इकडे पाहिले आणि कानामागे हात नेला.

"काय म्हनता? मानूस बोलून राह्यला, का शेळी वरडून राह्यली?"

खालच्या अंगाला धुणे धुणाऱ्या दोन बायांनी हात थांबवून वर पाहिले. पत्नी त्याच्याकडेच पाहत होती. "मोठ्यानं," ती म्हणाली.

मी पुढे होऊन कड्याच्या टोकावर उभा राहिलो. वर्गात तर नाहीच, पण उभ्या जन्मात कधी काढला नव्हता तेवढा आवाज काढला. "भाऊ, ताईले न्यायची तुमची हाळी त्या दिवाळीले मले ऐकू आली होती."

तो हलला नाही. वारा त्याच्याकडून माझ्याकडे होता. मला वाटले, या खेपेलाही पोचले नसावे. मग त्याने सावकाश डोक्याचा फेटा सोडला. त्याचे एक टोक हातात धरून तो हात वर केला, आणि तसाच धरून ठेवला. ऐकले, पुढे बोला.

माझा घसा फाटल्यासारखा झाला होता. पत्नी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"ऐकूनबी म्या ओ देल्ली नाई. ताईले सांगतलंच नाई. तिचा काही दोष नाई, ती वाट पाहत व्हती. यंदा तिले न्यायले या. चुकलो मी, भाऊ. मले माफ करा."