बॅटरीला झूल

माझ्या थोरल्या मामाइतका पारखी माणूस कृष्णामाईनं आजवर पाहिलेला नाही, आणि दुसरा पाहायची तिचीही आता ताकद उरलेली नाही. कुंडलच्या बाजारात तो वांगी घ्यायला उभा राहिला, की निर्णय होईपर्यंत वांगी जून व्हायची. मामीला पाहायला गेला तेव्हा म्हणे चार वेळा पोहे खाऊन आला आणि पाचव्यांदा होकार दिला. मामी म्हणते, पोहे संपले म्हणून. फौजेतून तो हवालदार होऊन परतला; पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तसा तोही झाला.

नोकरीत असताना दर सुट्टीला तो मामीला सांगायचा, "एकदा तुला लेहकडचा बर्फ दावतो." मामी तोवर ऊस, म्हशी आणि सासू सांभाळत राहिली. मामा कायमचा घरी आला तेव्हा सासू गेली होती, म्हशी विकल्या होत्या आणि मामीला साखरेचा आजार जडला होता. इन्सुलिन थंड ठेवायला हवं, मग लांबचा प्रवास कसा करायचा? मामानं शाळेची एक जुनी पिवळी मिनीबस घेतली आणि आत पलंग, शेगडी, छोटा फ्रीज बसवला. आता घरच घेऊन निघायचं! फक्त गाडी उभी असताना फ्रीज चालवणारी बॅटरी तेवढी निवडायची राहिली. त्या 'तेवढी'त सव्वा वर्ष गेलं.

बॅटरी बघायची पद्धत मामानं बैलबाजारातून उचलली होती. सांगलीच्या दुकानात तो बॅटरीला प्रदक्षिणा घालायचा, तिच्या पाठीवर थाप मारायचा, मग कवेत घेऊन वजन अजमावायचा. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "मेजर, ही लिथियमची न्या. हलकी हाय, पण लय टिकती." मामानं ती एका हातानं उचलली आणि लगेच खाली ठेवली. "शेठ, ह्यो तर जेवणाचा डबा झाला. आमाला भारदस्त दावा." मग त्यानं ॲसिडच्या बॅटरीचं असं एक धूड आणलं, की मिनीबस डाव्या अंगाला कलली आणि कोंबड्या तिच्या टपावरून घसरगुंडी खेळू लागल्या. "हिची निम्मीच ताकद वापरा, न्हाईतर लवकर मरंल," असं शेठनं बजावलं होतं. मामा म्हणाला, "म्हंजे निम्मी भाकरी ताटात टाकून उठायचं व्हय?"

परीक्षा अंगणात झाली. गाडी हलवायची नाही, फ्रीज बंद करायचा नाही, आणि औषधाऐवजी आत लोण्याची वाटी. मामा तासातासाला बोट लावून बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी लोणी पातळ झालं. मी हसायच्या बेतात होतो. पण मामा वाटी घेऊन पायरीवर बसला होता. "न्हाई जमायचं, गड्या. वाटंत हिचं औषध नासलं, तर मी कुणाच्या दारात जाऊ?" झुबकेदार मिशांचा माझा मामा घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मामी शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "आवं, बैल घेताना तुमी वजन बघत व्हता का चाल?"

"चाल."

"मग?"

दुसऱ्याच दिवशी तो लिथियमचा 'डबा' घरी आला. दोन दिवस लोणी दगड राहिलं. मामाला पटेना म्हणून तिसऱ्या दिवशीही राहिलं. आता नवी काळजी. गोठवणाऱ्या थंडीत हिला चार्ज करू नका, असं शेठ म्हणाला होता. "म्हंजे हिलाबी गारठा बाधतो?" म्हणत मामानं तिची जागा आत, पलंगाखाली, मामीच्या उशाशी केली. बेंदराला, बैलांच्या सणाला, मामीनं पेटीतून शेवटच्या बैलाची आरशांची झूल काढली, मापात कापली आणि बॅटरीला शिवली. दावणीला कुणी नव्हतं, म्हणून त्या वर्षीचं कुंकू आणि पोळी बॅटरीला मिळाली. पोळी अर्थात मामानं खाल्ली.

परवा कुंडलला गेलो होतो. अंगणात चार चाकांचे खळगे आणि टपावाचून खिन्न झालेल्या कोंबड्या. तेवढ्यात मामीचा फोन आला. वाऱ्यानं निम्मं ऐकूच येत नव्हतं. "लोणी घट्ट हाय रं," ती म्हणाली.

"आणि बर्फ? बघितलास का?"

"कुठला! समोर डोंगरभर पडलाय. पर तुझा मामा म्हणतोय, ह्यो नगं, पुढच्या खिंडीतला चांगला हाय."

तिला अजिबात घाई नव्हती. फोन ठेवला आणि घराकडं निघालो. अंगण सगळं मोकळं होतं, तरी मी मिनीबसच्या जागेला वळसा घालूनच गेलो.